पारव्याचे रंग, लोटनच्या कोलांट्या

‘पारवा’ हा शब्द मराठीत दोन कामे करतो. ते एका पक्ष्याचे नाव आहे आणि एका रंगाचेही. पारव्या रंगाचे लुगडे म्हटले की जी निळसर राखाडी छटा डोळ्यांपुढे येते, ती थेट त्या पक्ष्याच्या पाठीवरून उचललेली. संस्कृतातला ‘पारावत’ प्राकृतातून घासत घासत ‘पारवा’ झाला. काळी, लाल, पिवळी, कवडी, पांढरी अशी जितकी पाळीव कबुतरे आहेत, त्या सगळ्यांचा मूळपुरुष हाच रानपक्षी. म्हणून हवेत कोलांट्या घेणाऱ्या कबुतरांच्या रंगांचा इतिहासही त्याच्यापासूनच सुरू होतो.

पारव्याला झाडापेक्षा दगड प्रिय. कडेकपारी, किल्ल्यांचे तट, जुन्या विहिरींचे कोनाडे ही त्याची घरे. धाराशिव जिल्ह्यात त्याला हवे ते सगळे आहे: बालाघाटाच्या रांगा, धाराशिवची लेणी, परंड्याचा भुईकोट आणि बोरी नदीच्या वळणावरचा नळदुर्ग. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. अशा काळ्या दगडी भिंतींवर बसलेला पारवा जवळून पाहावा. अंग राखाडी, मानेवर हिरव्या-जांभळ्या रंगाची चमक, मिटलेल्या पंखावर दोन काळे आडवे पट्टे आणि शेपटीच्या टोकाला एक रुंद काळी पट्टी. युरोपातल्या पारव्याची कंबर पांढरी असते, हिंदुस्थानातल्याची बहुधा राखाडी. या वर्णनातली शेपटीची पट्टी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

या मुलखातली कबुतरांची हौस बरीच जुनी आहे. उमरग्याच्या पूर्वेला, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती आणि आजचा धाराशिव जिल्हा त्यांच्या राज्यात मोडत असे. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने मन कसे रमवावे हे सांगताना त्यात कोंबडे, लावे, एडके, रेडे यांच्याबरोबर ‘पारावतविनोद’ही आला आहे. म्हणजे फारसी शब्द येण्याच्या आधीच दख्खनच्या दरबारात कबुतरांना जागा होती. दरबाराबाहेर मात्र त्याच पक्ष्याला वेगळा अर्थ मिळाला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कपोत आहे. पिलांच्या मोहाने तो पारध्याच्या जाळ्यात जातो, आणि पैठणच्या एकनाथांनी ती कथा मराठीत ओवीबद्ध केली. गंमत अशी की घराची हीच ओढ पाळणाऱ्याच्या कामी येते. ढाबळीचे दार उघडे टाकले तरी पक्षी परततो, तो याच मोहापायी.

पुढे बहमनी, आदिलशाही, मोगल आणि निजाम अशा सत्ता एकामागून एक आल्या आणि शौकाची भाषा बदलली. ‘कबुतर’ हा शब्दच फारसी. उडता उडता कोलांटी मारणारा तो गिरेबाज, शेपटीचा पंखा उभारणारा लक्का. ‘लोटन’ मात्र लोळण्यावरून आलेला देशी शब्द. ‘ढाबळ’ हाही मराठीने हातचा जाऊ दिला नाही.

या शौकाची सर्वांत बारकाईची नोंद अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. शौक घराण्यातच होता. बाबराचा बाप उमरशेख मिर्झा १४९४ साली फरगण्यातल्या अख्शी इथे कबुतरखान्यासकट दरीत कोसळून मेला. अकबराने या नादाला ‘इश्कबाजी’ असे नाव दिले. त्याच्याकडे वीस हजारांहून अधिक कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे ‘खासा’, म्हणजे निवडक. छावणी हलली की खुराडीही भोयांच्या खांद्यावर निघत. खासा कबुतर एका उड्डाणात पंधरा ‘चर्ख’ आणि सत्तर ‘बाजी’ करी, असे अबुल फजल लिहितो. चर्ख म्हणजे पुरे चक्कर, बाजी म्हणजे उलटी कोलांटी. चक्कर अर्धवट राहिले तर त्याला किंमत नसे.

याच प्रकरणात एक छोटा प्रयोग नोंदलेला आहे. बाजी मारताना पक्षी खरोखर उलटा होतो, की दोन्ही पंख वर एकमेकांना भिडल्यामुळे पाहणाऱ्याला तसा भास होतो, असा वाद होता. अकबराने एका कबुतराचा एकच पंख काळा करायला लावला आणि ते उडवले. काळा पंख कुठून कुठे जातो हे खालून स्पष्ट दिसले आणि भासाची बाजू हरली. रंगाचा उपयोग खूण म्हणून करून गती तपासण्याची ही रीत कोणत्याही प्रयोगशाळेला शोभेल.

रंगांच्या बाबतीत आईनमधली यादी लांबलचक आहे आणि ती वाचताना बाजारपेठेतून फिरल्यासारखे वाटते. सुरम्यासारखा तो सुरमई, मनुकांसारखा किशमिशी, हलव्यासारखा हलवाई, चंदनाचा संदली, देशी कागदासारखा पिवळट कागजी, नव्या मडक्याच्या रंगाचा कुरई, अगरूच्या लाकडाचा ऊदी, कावळ्यासारखा जाग. नजर तीक्ष्ण असल्याशिवाय इतक्या छटा वेगळ्या पडत नाहीत. तरीही या पद्धतीत एक उणीव होती. तिने छटेला नाव दिले, छटेच्या कारणाला नाही. दोन लाल कबुतरे डोळ्यांना सारखी दिसली तरी त्यांची लाली वेगवेगळ्या कारणांनी आलेली असू शकते, आणि जोडी लावल्यावर पिले भलत्याच रंगाची निघतात. अकबराने जातींचा संकर करून कबुतरे सुधारली असे अबुल फजल अभिमानाने सांगतो, पण कोणत्या जोडीतून काय निघाले याचा हिशेब देत नाही.

हिशेबाकडे पहिले मोठे पाऊल टाकले चार्ल्स डार्विनने. १८५५पासून त्याने स्वतः कबुतरे पाळली आणि जगभरातून नमुने मागवले. हिंदुस्थानातून त्याला मदत करणाऱ्यांत सर वॉल्टर एलियट हा मद्रासचा मुलकी अधिकारी होता. त्याने आयुष्याची बरीच वर्षे धारवाडकडच्या दक्षिण मराठा मुलखात काढली होती. एलियटने कबुतरांची कातडी पाठवली आणि कबुतरांवरच्या एका फारसी ग्रंथाचे भाषांतरही करून दिले. लोटनचे वर्णन डार्विनने सविस्तर केले आहे: पक्ष्याला हलवून जमिनीवर ठेवले की तो डोके खाली घालून लोळू लागतो आणि उचलून तोंडावर फुंकर घालेपर्यंत थांबत नाही.

डार्विनचा रंगांचा प्रयोग याहून महत्त्वाचा. त्याने पांढऱ्याशुभ्र लक्क्यांची काळ्या बार्ब जातीशी जोडी लावली. पिले तपकिरी-काळी, ठिपक्यांची निघाली. त्या पिलांची आपसात जोडी लावल्यावर एका नातवंडाच्या अंगावर निळसर राखाडी रंग, पंखांवर दोन काळे पट्टे आणि शेपटीला पट्टी अवतरली. आजा पांढरा, आजी काळी आणि नातू पारवा! साऱ्या पाळीव जाती एकाच रानपक्ष्यापासून आल्या याचा हा पुरावा त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या १८५९च्या पहिल्याच आवृत्तीत आहे. हे का घडते हे मात्र त्याला सांगता आले नाही, कारण मेंडेलचे नियम अजून यायचे होते. मेंडेलच्या कामाची १९००मध्ये नव्याने ओळख पटल्यावर अमेरिकेत लिऑन कोलने कबुतरांच्या मुख्य रंगांच्या वारशावर १९१४ साली अभ्यास प्रसिद्ध केला आणि तिथून गुंता सुटू लागला.

आज रंग ओळखायचा तर पक्षी हातात धरून शेपूट पंख्यासारखी उघडावी. मूळ रंग तीनच: पारवा, राखी-तांबडा आणि तपकिरी. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असेल तर पारवा. पट्टी चॉकलेटी असेल तर तपकिरी. पट्टीच नसेल, शेपूट आणि मोठी पिसे राखेसारखी फिकी असतील आणि पंखांवरचे पट्टे विटकरी असतील, तर राखी-तांबडा. हे तिन्ही एकाच जनुकाचे अवतार आहेत. टीवायआरपी-१ हे ते जनुक. राखी-तांबडा पारव्यावर मात करतो आणि पारवा तपकिरीवर.

पारव्याच्या निळसरपणात निळे रंगद्रव्य नावालाही नसते. पिसांत काळ्या द्रव्याचे कण गुठळ्यांनी बसलेले असतात, प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि डोळ्याला राखाडी निळा दिसतो. तेच कण सगळीकडे सारखे पसरवणारा एक प्रभावी घटक असतो. तो पारव्यात आला की पक्षी नखशिखांत काळा होतो. म्हणजे काळे कबुतर हे झाकलेला पारवा. डार्विनच्या नातवंडात तेच झाकण निघाले होते.

टीवायआरपी-१ हे जनुक लिंगाशी जोडलेले असते आणि ढाबळवाल्याला त्याचा मोठा उपयोग आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रे, मादीकडे एकच झेड आणि जोडीला डब्ल्यू. टीवायआरपी-१ झेडवर बसलेले आहे. त्यामुळे मादीला या रंगात काही लपवता येत नाही, नराला येते. पारवा नर आणि राखी-तांबडी मादी यांची जोडी लावली तर सगळी नर पिले आईवर जाऊन राखी-तांबडी होतात आणि सगळ्या माद्या बापावर जाऊन पारव्या. पिसे फुटताच नर-मादी कळते. पोटात पारवा लपवलेल्या राखी-तांबड्या नराच्या पिसांवर बहुधा शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे डाग दिसतात आणि गुपित उघडे पडते.

लालातला खरा घोटाळा दुसरीकडे आहे. शेपटीपर्यंत गडद, एकसारखे लाल असलेले कबुतर राखी-तांबडे नसते. त्याची लाली सॉक्स-१० या जनुकाच्या नियंत्रणातल्या बदलाने येते आणि ती अप्रभावी असते, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मिळाली तरच उमटते. उमटली की खालचे सगळे रंग झाकून टाकते. दोन काळ्या कबुतरांच्या पोटी असे गडद लाल पिलू येऊ शकते. राखी-तांबडे येऊ शकत नाही. आलेच तर शेजारच्या ढाबळीतला नर येऊन गेला असे समजावे. पिवळे कबुतर म्हणजे फिके पडलेले लाल. हा फिकेपणा एसएलसी४५ए२ या जनुकामुळे येतो आणि तोही झेडवरच बसतो. अशी पिले अंड्यातून निघतात तीच जवळपास उघडी, अंगावर लव नसल्यासारखी. टीवायआरपी-१सह या तिन्ही जनुकांचा उलगडा अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केला.

पंखांवरची नक्षी हा आणखी वेगळा धागा. दोन पट्टे, खवल्यांची दाट नक्षी किंवा पट्टे अजिबात नसणे हे एनडीपी या जनुकावर ठरते. २०१८मध्ये असे दिसले की खवलेदार नक्षी कबुतरात आफ्रिकेतल्या कोलंबा गिनिया या दुसऱ्या जातीच्या पक्ष्याशी झालेल्या संकरातून आली. बदामी नावाच्या शिंतोडेदार रंगात एमएलएएनए जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात, हे २०२०मध्ये कळले. दोन बदामी पक्ष्यांची जोडी जाणकार लावत नाहीत, कारण दोन्हीकडून तो रंग मिळालेल्या नर पिलांचे डोळे अनेकदा सदोष निघतात.

कोलांटीचा वारसा या साऱ्यापासून स्वतंत्र आहे. एन्ट्रिकिन आणि अर्वे यांच्या १९७२च्या अभ्यासात कोलांट्या घेणाऱ्यांचा न घेणाऱ्यांशी संकर केल्यावर पहिल्या पिढीत कोलांटी दिसेनाशी झाली आणि पुढच्या पिढीत कमीअधिक प्रमाणात परतली. हा गुण मुख्यतः अप्रभावी आहे आणि त्यामागे एकाहून अधिक जनुके आहेत. म्हणून सुंदर रंगाच्या मोहाने बाहेरची जात मिसळली की रंग येतो आणि कोलांटी जाते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम रोलरच्या पाळणाऱ्यांनी याच भीतीने उड्डाणाला रंगापेक्षा वर ठेवले. हिंदुस्थानात गिरेबाजांची निवड पुढे तासन्‌तास उंच उडत राहण्यासाठी झाली आणि अनेक वाणांत नावातली ‘गिरे’ नावातच उरली. हैदराबादच्या जुन्या शहरात गच्चीवरची कबुतरबाजी निजामाची सत्ता १९४८मध्ये संपल्यानंतरही चालू राहिली.

ढाबळीतली सगळी कबुतरे परतत नाहीत. काही चुकतात, काही रानपारव्यांच्या थव्यात मिसळतात आणि तिथेच पिले घालतात. शुद्ध रानपारव्यात राखी-तांबडा रंग नसतो, तो माणसाच्या हाताखाली टिकलेला आहे. नळदुर्गच्या उपळी बुरुजावर किंवा परंड्याच्या तटावर थवा बसला असेल तेव्हा शेपट्या पाहाव्यात. काळ्या पट्टीच्या रांगेत एखादी बिनपट्टीची फिकी शेपूट आणि पंखावर विटकरी पट्टे दिसले, तर त्या पक्ष्याचा कोणीतरी पूर्वज कधी काळी कोणाच्या तरी ढाबळीत दाणे टिपत होता.