बाटिक

कापडाच्या ज्या भागावर रंग चढू द्यायचा नाही तेथे वितळलेले मेण लावून कापड रंगवण्याची कला. रंगवून मेण काढले की नक्षी दिसते. बांधणीत हेच काम दोऱ्याची गाठ करते.

कृती : खळ काढलेल्या सुती कापडावर आकृती रेखाटून पॅराफिन व मधमाश्यांचे मेण यांचे गरम मिश्रण ब्रशाने किंवा ठशाने लावतात. मेण कापडाच्या मागच्या बाजूपर्यंत उतरावे लागते. वरच गोठले तर रंग खालून शिरतो. मेण वितळू नये म्हणून नॅफ्थॉलसारखे थंड पाण्यात चढणारे रंग वापरतात. रंगवण्याचा क्रम फिक्याकडून गडदाकडे असतो. पांढरी फुले, पिवळी पाने आणि नारिंगी जमीन हवी असल्यास आधी फुलांवर मेण लावून कापड पिवळ्या रंगात बुडवतात. वाळल्यावर पाने मेणाने झाकून लाल रंग देतात. पिवळ्यावर लाल चढून जमीन नारिंगी होते. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढतात. पॅराफिन ठिसूळ असते. त्याचे प्रमाण वाढवले की मेणाला भेगा पडतात आणि त्यांत झिरपलेल्या रंगाच्या बारीक रेषांचे जाळे उमटते.

प्रसार : या कलेचा सर्वांत सूक्ष्म विकास जावा बेटावर झाला. तेथे चांटिंग या तोटीच्या तांब्याच्या लेखणीने मेणाच्या रेघा ओढतात. २००९ मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. भारतात कच्छमधील मुंद्रा येथील खत्री आणि उज्जैनजवळच्या भैरवगढचे छिपा कारागीर हे काम करतात. शांतिनिकेतनात १९२० नंतरच्या दशकात बाटिक रुजले. रवींद्रनाथ टागोरांच्या १९२७ मधील जावायात्रेने त्याला चालना मिळाली.

महाराष्ट्रात या कलेभोवती कच्छसारखी कारागीर जमात उभी राहिली नाही. येथे ती मुख्यतः शिक्षणातून आणि हौशी कलावंतांतून पसरली. वस्त्ररचनेच्या अभ्यासक्रमांत बाटिक हे बांधणी व ठसेछपाई यांच्या जोडीचे तंत्र मानले जाते. पुण्यात अशा शिक्षणाचे एक ठिकाण म्हणजे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे स्कूल ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी.

पारख : अस्सल बाटिकमध्ये रंग दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच दिसतो आणि भेगांचे जाळे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. यंत्रावर छापलेल्या नकलेची उलटी बाजू फिकी असते आणि तीच भेग ठरावीक अंतराने पुन्हा येते.