चांदीची घनता आणि शेकडा त्रुटी

कोल्हापूरहून हुपरीकडे जाणारा रस्ता करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीवरून जातो. हुपरीची ओळख चांदीच्या दागिन्यांची. त्यामुळे या परिसरात घनतेचा धडा शिकविताना चांदीहून समर्पक उदाहरण शोधावे लागत नाही.

घनता म्हणजे एकक आकारमानातील वस्तुमान. शुद्ध चांदीची घनता दर घनसेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम, तर तांब्याची ८.९६ ग्रॅम आहे. चांदीत तांबे मिसळले की घनता उतरते. हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले तांबे असेल, तर घनता सुमारे १०.३६ भरते. शुद्ध चांदीपेक्षा हा फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा आहे.

हा फरक शाळेत ओळखता येईल का, हे शेकडा त्रुटीवरून कळते. मोजलेली किंमत व मान्य किंमत यांतील फरकाला मान्य किमतीने भागून शंभराने गुणले की शेकडा त्रुटी मिळते. ५२.४५ ग्रॅम शुद्ध चांदीचे आकारमान ५ घनसेंटिमीटर असते. मोजपात्रावर एकेका मिलिलिटरच्या खुणा असल्यास अर्ध्या खुणेची चूक सहज होते. ५ ऐवजी ५.५ वाचले, तर घनता ९.५४ येते आणि त्रुटी ९ टक्क्यांवर जाते. अशा मापनाने अस्सल चांदीही भेसळीची ठरेल.

येथे आर्किमिडीजचे तत्त्व उपयोगी पडते. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखविणाऱ्या काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा. चांदी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवावी. ती तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये. काट्यावरील वाढ म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचे वस्तुमान. शुद्ध चांदीसाठी ते सुमारे ५.०० ग्रॅम, तर तेवढ्याच वजनाच्या ९२५ चांदीसाठी सुमारे ५.०६ ग्रॅम येते. काट्याचे लघुतम माप ५ ग्रॅमच्या ०.२ टक्के असल्याने हा फरक स्पष्ट दिसतो.

तरीही सावधगिरी हवी. पैंजणाच्या कड्यांत हवेचे बुडबुडे अडकले, तर आकारमान वाढते आणि घनता कमी येते. ही त्रुटी प्रत्येक वेळी एकाच दिशेने होते. दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी ती जात नाही. ३० अंश सेल्सिअसला पाण्याची घनता ०.९९६ असते, हेही हिशेबात धरावे लागते.

प्रयोगवहीत पुस्तकातील उत्तर आधी लिहून निरीक्षणे मागाहून जुळविणारा विद्यार्थी नेमका हाच भाग गमावतो. नऊ टक्के त्रुटी प्रामाणिकपणे नोंदवून तिचे कारण सांगणाऱ्याला गुण मिळाले पाहिजेत. कारण ज्या काट्यावर कारागिराची मजुरी आणि ग्राहकाचा विश्वास तोलला जातो, त्याची मर्यादा ओळखण्याचे शिक्षण येथूनच सुरू होते.