साडू शत्रूच्या आरमारात

सरकारी नोकरीच्या चारित्र्यपडताळणीचा फॉर्म भरताना परदेशातल्या नातलगांची माहिती द्यावी लागते, आणि थोरला भाऊ अमेरिकेचा नागरिक झालेला असला की तिथे लेखणी जरा थबकते. भावाच्या नागरिकत्वाचा माझ्या इमानाशी काय संबंध? वाचकहो, असला फॉर्मच नव्हता त्या काळची एक हकीकत ऐका.

१९१४ साली ब्रिटिश आरमाराचे प्रमुख, म्हणजे फर्स्ट सी लॉर्ड, होते बॅटनबर्गचे प्रिन्स लुई. जन्म १८५४ चा, ऑस्ट्रियातल्या ग्रात्स गावचा, घराणे जर्मन. चौदाव्या वर्षी त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले व आरमारात दाखल झाले. पुढे आरमाराच्या हेरखात्याचेही ते प्रमुख होते. म्हणजे गुपिते त्यांच्यापासून लपवायची नव्हती, त्यांच्याच कुलुपात होती! आणि नातेवाईक पाहाल तर कैसरचा सख्खा भाऊ हाइन्रिख हा त्यांचा साडू, शिवाय जर्मन आरमारातला बडा दर्यासारंग.

२६ जुलै १९१४ चा रविवार. चाचणीसाठी जमलेले आरमार आता पांगायचे होते. मंत्री चर्चिल कुटुंबासह समुद्रकिनारी गेलेले. युरोपातल्या बातम्या बिघडत चाललेल्या पाहून लुईंनी आरमार पांगू नये असा हुकूम सोडला. युद्ध पेटले तेव्हा इंग्लंडचे आरमार सज्ज होते, ते या हुकुमामुळे.

पण सप्टेंबरात एका जर्मन पाणबुडीने एका सकाळी तीन क्रूझर बुडवल्या, चौदाशेंवर माणसे गेली. आणि कुजबूज वाढली. वर्तमानपत्रांनी तिला हवा दिली, निनावी पत्रे येऊ लागली. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, साधा एक प्रश्नही नाही. २७ ऑक्टोबरला त्यांचा पुतण्या मॉरिस ब्रिटिश सैन्यातून लढताना ईप्रजवळ पडला. दुसऱ्याच दिवशी लुईंनी राजीनामा लिहिला. कारण दिले जन्माचे आणि कुळाचे. त्यांच्या जागी आले फिशर. ते जन्मले सिलोनात; त्याबद्दल कोणी ब्र काढला नाही.

आता कोणी म्हणेल, शत्रूच्या मुलखात नातलग असले तर धोका नाही का? आहे. शत्रूच्या हाती आपला माणूस सापडला की त्याच्यामार्फत आपल्यावर दाब आणता येतो. पण हे नातलग काय करतात, संबंध किती जवळचे आणि या माणसाने आजवर काय केले, हे विचारावे लागते. अमेरिकेत २०१७ पासून लागू झालेल्या नियमांत हेच आहे: दुहेरी नागरिकत्व एवढ्याच कारणावरून गुप्त कामाची परवानगी नाकारायची नाही, परदेशी आप्तांचा विचार मात्र करायचा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वच नाही, आप्तांचा प्रश्न तेवढा उरतो. फॉर्मातला रकाना कटकटीचा खरा, पण त्यात निदान उत्तर लिहायला जागा असते. लुईंना तीही मिळाली नाही.

१९१७ मध्ये राजाच्या इच्छेवरून त्यांना आडनावही बदलावे लागले. ‘बर्ग’ म्हणजे डोंगर. त्याचे इंग्रजी करून बॅटनबर्गचे माउंटबॅटन झाले. १९२१ मध्ये ते वारले. राजीनाम्याच्या वेळी त्यांचा धाकटा मुलगा आरमारी शाळेत शिकत होता. १९४७ मध्ये तो शेवटचा व्हाइसरॉय म्हणून दिल्लीत आला. आणि १९५५ मध्ये बापाने सोडलेल्या त्याच खुर्चीवर, फर्स्ट सी लॉर्ड म्हणून, जाऊन बसला.