भेटी झाल्या, नोंद कुठंय?

उचगावातून बोलतोय. आजचा प्रश्न: पैसेवाले सरकारदरबारी वजन टाकतात, त्याची जाहीर नोंद सक्तीची करणं घटनेत बसतं का?

सुरुवात मुंबई हायकोर्टापासून. साल १९५७. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या द्यायच्या होत्या. त्यासाठी कंपनीच्या मेमोरँडममध्ये बदल हवा होता. एका भागधारकाने विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागलांनी परवानगी दिली, कारण मनाई करणारा कायदाच नव्हता. पण यात लोकशाहीला धोका आहे, संसदेने लक्ष घालावं, असंही बजावलं.

१९६० मध्ये देणगीवर मर्यादा आली, ती हिशेबात दाखवणंही सक्तीचं झालं. १९६९ ला थेट बंदी, १९८५ ला पुन्हा मुभा. आणि २०१७ ला मर्यादाही गेली, पक्षाचं नाव सांगायची अटही गेली. पुढच्या वर्षी निवडणूक रोखे आले.

अमेरिकेत हा वाद १९५४ मध्येच कोर्टात गेला होता. लॉबिंग करणाऱ्यांनी हिशेब द्यावा, हा कायदा बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असा आक्षेप होता. तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायद्याची व्याप्ती थेट खासदारांना भेटण्यापुरती आखडली, पण तो टिकवला. म्हणजे खुशाल भेटा, पटवा. फक्त पैसे कोण देतंय ते सांगा.

आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घटनापीठाने रोखे रद्द केले. देणगीदारालाही खासगीपणा असतो, हे कोर्टाने मानलं. पण मतदाराचा माहितीचा हक्क पूर्ण झाकता येणार नाही, हा हक्क कलम १९(१)(अ) मधूनच येतो, असं सांगितलं.

मी कोड लिहितो. आमच्याकडे सिस्टीममध्ये कोण शिरलं, काय बदललं, याचा लॉग असतोच. लॉग ठेवला म्हणून कुणाचं काम अडत नाही. देणगीचा लॉग आता थोडाफार मिळतो. पण कायद्याचा मसुदा बनताना मंत्र्याला कोण भेटलं, याची नोंद सक्तीची करणारा लॉबिंग कायदा भारतात नाही. २०२४ च्या निकालाचा तर्क धरला, तर असा कायदा घटनेत बसेल, असं मला वाटतं.

तोवर एक करा. ज्या कंपनीचे शेअर घेतलेत, तिचा वार्षिक अहवाल उघडा आणि राजकीय देणगीची ओळ शोधा. ती ओळ तिथे यावी म्हणून बरंच भांडण झालंय.