दाराशीं आलेलें वृद्ध कुत्रें



गेल्या पावसाळ्यांत आमच्या गंगापूरच्या बसस्थानकावरून मीं एक लहानसें कुत्रें घरीं आणिलें. त्याचा एक डोळा फूल पडून पांढरा झालेला, दुसऱ्यानें अंधुक दिसतें. मागचा एक पाय लुळा, आणि दांत झिजून गेलेले. पशुवैद्यांनीं तपासून वय दहा-बारा वर्षांचें तरी असावें असें सांगितलें. तिसऱ्याच दिवशीं शेजारचे गृहस्थ कुंपणापाशीं उभे राहून म्हणाले, "मास्तर, राखणीला नाहीं, शिकारीला नाहीं; मग हें आणलेंत कशाला?" प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र मला चटकन सुचलें नाहीं. सारी हयात मुलांना इतिहास शिकविण्यांत गेली असल्यामुळें मी तें इतिहासांत शोधूं लागलों.

आमच्या तालुक्यांतील कायगांवाजवळ पैलतीरावरून प्रवरा येऊन गोदावरीला मिळते. त्या प्रवरेच्या कांठीं, श्रीरामपूर तालुक्यांत, दायमाबाद नांवाचें प्राचीन वसतिस्थान आहे. तेथें १९७४ सालीं एका शेतकऱ्यास झुडुपाचें मूळ खणतांना चार ब्राँझच्या मूर्ति सांपडल्या. त्यांपैकीं एक बैलजोडीचा रथ आहे. रथांत मनुष्य उभा आहे आणि त्याच्या पुढें, रथाच्या दांडीवर, एक कुत्रें उभें आहे. या मूर्तींच्या काळाविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. पण पुष्कळांच्या मतें त्या सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या आहेत. म्हणजे आपल्या या खोऱ्यांतील माणसानें कुत्र्याला फार प्राचीन काळींच आपल्या गाडींत जागा दिली होती.

तरी तें धडधाकट आणि कामाचें कुत्रें असलें पाहिजे. कामाच्या कुत्र्याचा गौरव आपल्या इतिहासानें मुक्तहस्तानें केला आहे. साताऱ्याच्या थोरल्या शाहू छत्रपतींच्या खंड्याची हकीकत प्रसिद्धच आहे. शिकारींत त्यानें महाराजांचे प्राण वाघापासून वांचविले, म्हणून महाराजांनीं त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, असें ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत नमूद केलें आहे. भर दरबारांत त्या कुत्र्याला जरीचा पोषाख चढवून महाराजांनीं स्वतःची पगडी त्याच्या मस्तकावर ठेविली, असेंहि तो लिहितो. खंड्याची समाधि साताऱ्याजवळ संगम माहुलीस आजहि दाखवितात. परंतु ही सर्व उपकाराची फेड झाली. ज्यानें आपल्यासाठीं कांहींच केलें नाहीं, आणि पुढेंहि ज्याच्या हातून कांहीं होण्यासारखें नाहीं, त्याचें काय?

याचें उत्तर राजांपेक्षां संतांनीं अधिक चांगलें दिलें आहे. गोदावरीच्या कांठानें खालीं पैठणास गेलें कीं एकनाथमहाराजांची कथा आठवते. काशीहून कावडींतून आणिलेलें गंगाजल त्यांनीं वाळवंटांत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत घातलें. त्या गाढवाकडून नाथांना ओझें वाहून घ्यावयाचें नव्हतें. नामदेवांचीहि कथा तशीच: कुत्र्यानें पोळी पळविली तेव्हां तुपाची वाटी घेऊन ते त्याच्या मागें धांवले. या कथा कागदोपत्रीं पुराव्यानें सिद्ध करतां येत नाहींत. पण ज्या समाजानें त्या शतकानुशतकें जपल्या, त्याच्या मनाचा पुरावा मात्र त्यांत आहे.

हें मन प्रत्यक्ष व्यवहारांत कसें उतरलें, हें पाहण्यास आपण मुंबईस जाऊं. त्या शहरांत मोकाट कुत्र्यांना ठार मारण्याची सरकारी पद्धत होती आणि मारलेल्या कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळे. ६ जून १८३२ रोजीं, पारशी लोकांच्या पवित्र दिवशीं, पोलिसांचे लोक हें काम करूं लागले तेव्हां जमाव त्यांच्यावर चालून गेला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं, आणि शेवटीं सैन्य बोलवावें लागलें. पारशी धर्मांत कुत्र्याचें स्थान मोठें आहे. वेंदिदाद या ग्रंथांत कुत्र्यांविषयीं एक स्वतंत्र प्रकरण असून रोगी कुत्र्यावर उपचार करण्याचा उपदेशहि त्यांत आहे. हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनाहि ही हत्या सहन होत नव्हती. पुढें दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, सर जमशेटजी जिजीभाई आणि शेट अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. दंग्याच्या धुरळ्यांतून आश्रयस्थान उभें राहिलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सरकारी हुकूम केवळ क्रौर्यापोटीं निघाला होता असें नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याची भीति खरी होती, आणि पाश्चरनें १८८५ सालीं लस टोंचून एका मुलाला वांचवीपर्यंत तिच्यावर खात्रीचा उपाय जगांत कोठेंच नव्हता. आतां तो आहे. म्हणूनच कुत्र्याची दया करणाऱ्यानें त्याला वेळच्या वेळीं लस टोंचविली पाहिजे. आणि कोणास चावा झालाच तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवून विनाविलंब दवाखाना गांठला पाहिजे.

पुढील पाऊलहि मुंबईनेंच टाकिलें. १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था तेथें निघाली, आणि १८८३ सालीं दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नांवानें, परळ येथें जनावरांच्या इस्पितळाचा पाया घातला गेला. स्वतंत्र भारतांत १९६० सालीं नवा कायदा झाला. मग २००१ सालच्या आणि त्यानंतर २०२३ सालच्या नियमांनीं मोकाट कुत्र्यांना मारण्याऐवजीं त्यांची नसबंदी व लसीकरण करण्याचा मार्ग घालून दिला. आठ आण्यांच्या बक्षिसापासून येथवर आपण आलों आहों.

परंतु पांजरपोळ, इस्पितळ आणि कायदा हीं तिन्ही मिळूनहि एक गोष्ट देऊं शकत नाहींत. ती म्हणजे घर. वृद्ध कुत्र्याला फार कांहीं लागत नाहीं. झिजलेल्या दांतांना भाकरी कुसकरून मऊ करून द्यावी लागते. दुखऱ्या सांध्यांखालीं जाड घोंगडी लागते. अंधुक डोळ्यांच्या कुत्र्याचें पाण्याचें भांडें आणि अंथरूण रोज एकाच जागीं ठेवावें, म्हणजे तें वासानें व संवयीनें वाट काढतें. आणि जवळ जातांना आधीं हांक मारावी, म्हणजे तें दचकत नाहीं. कांदा व द्राक्षें त्याला अपायकारक असतात, तीं देऊं नयेत. खर्च होतो, रात्रीं उठावें लागतें. आणि हा सहवास थोड्याच दिवसांचा आहे, हें पहिल्या दिवसापासून ठाऊक असतें. ज्याला एवढें झेपणार नसेल त्यानें भरीस पडूं नये, कारण एकदां टाकलेल्या जिवाला पुन्हां टाकणें याहून मोठें पाप नाहीं.

आमच्या नातवानें या कुत्र्याचें नांव खंड्या ठेविलें आहे. वाघाची गोष्ट दूरच; कुकरची शिटी झाली तरी हे वीर खाटेखालीं जातात. परंतु सायंकाळीं माझ्या काठीचा आवाज ऐकला कीं तीन पायांवर लंगडत दारापर्यंत येतात, आणि चुकून चौकटीवर आदळलेच तर क्षणभर थांबून पुन्हां निघतात.

शेजाऱ्यांना माझें उत्तर मीं परवां दिलें. म्हटलें, "कामाच्या कुत्र्याला ठेवणें हा व्यवहार, तो शाहूमहाराजांनीं राजाला शोभेल असा केला. बिनकामाच्या कुत्र्याला ठेवणें हा धर्म. तो पैठणचे नाथ शिकवून गेले. मीहि आतां कामावरून निवृत्तच आहें. घरच्यांनीं मला कशासाठीं ठेवून घेतलें, हें कोणी विचारीत नाहीं. मग त्यालाच कां विचारावें?" गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. पण काल संध्याकाळीं कुंपणावरून दुधांत भिजविलेली अर्धी भाकरी आमच्याकडे आली.