तळघरातली सुतारखोली आणि थरथरणारे अणुकेंद्रक

‘आरक्षणामुळे गुणवत्ता मरते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. जणू गुणवत्ता काही ठरावीक घरांतच जन्माला येते! म्हणून आज आम्ही भौतिकशास्त्राच्या इतिहासातले एक पान तुमच्यापुढे ठेवत आहोत. प्रश्न एकच: गुणवत्ता नव्हती, की दरवाजा बंद होता?

१९०७ साली लिझे माइटनर व्हिएन्नाहून बर्लिनला आल्या. हातात डॉक्टरेट होती. तरी रसायनशास्त्र संस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांना तळघरातली जुनी सुतारखोली मिळाली. वरच्या प्रयोगशाळांत पाऊल ठेवायची मनाई. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसवलेले भीमराव आपल्याला इथे आठवतात. जात आणि लिंगभेद एकच नाहीत, हे आम्ही जाणतो. पण माणसाला बाहेर बसवून त्याच्या बुद्धीवर शंका घेण्याची रीत दोन्हीकडे सारखीच.

माइटनर ज्यू कुटुंबात जन्मल्या होत्या. नाझींनी १९३३ साली त्यांचा शिकवण्याचा हक्क काढून घेतला. जुलै १९३८ मध्ये त्यांना जर्मनीतून निसटावे लागले. त्याच डिसेंबरात जुने सहकारी ओटो हान यांचे पत्र स्वीडनला आले: युरेनियमवर न्यूट्रॉन मारल्यावर बेरियम सापडते, हे कसे शक्य आहे?

उत्तर माइटनर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी बर्फात फिरताना शोधले. अणुकेंद्रकाला द्रवाच्या थेंबासारखे मानण्याची कल्पना गॅमोव्ह आणि बोर यांच्यामुळे तयार होती. या दोघांनी ती युरेनियमला लावली. पृष्ठताण थेंबाला बांधून ठेवतो, प्रोटॉनांचे परस्पर अपसारण त्याला फाडू पाहते. युरेनियममध्ये ही ओढाताण जवळजवळ बरोबरीची असते. न्यूट्रॉन शिरला की थेंब थरथरतो, लांबतो, कमरेत बारीक होतो आणि दुभंगतो. दोन तुकडे सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने दूर फेकले जातात. नाहीसे झालेले वस्तुमान मोजले तर तेही जुळले: प्रोटॉनच्या एक पंचमांशाइतके! ११ फेब्रुवारी १९३९ रोजी ‘नेचर’मध्ये हे छापून आले.

पुढे याच वाटेवर गणित वाढत गेले. १९३९ सालीच बोर आणि व्हीलर यांनी विखंडनाचा सविस्तर सिद्धान्त मांडला. १९७६ साली बाँश, कूनिन आणि नेगेले यांनी केंद्रकांची टक्कर संगणकावर, आधी एकाच मितीत, क्वांटम नियमांनी चालवून पाहिली. कणांच्या लहरींनी मिळून क्षेत्र घडवायचे आणि त्याच क्षेत्रात प्रत्येक लहर क्षणाक्षणाने पुढे न्यायची, अशी ती रीत. टक्कर आणि कंपन दोन्ही तिच्यातून उलगडतात.

आणि माइटनर? १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या हान यांना मिळाले. अणुबॉम्बच्या कामाचे बोलावणे मात्र त्यांना आले होते. ते त्यांनी नाकारले. १०९ व्या मूलद्रव्याला ‘माइटनेरियम’ हे नाव १९९७ साली पक्के झाले. तोवर त्यांच्या मृत्यूला २९ वर्षे झाली होती.

मित्रांनो, ज्यांना तळघरात ठेवले त्यांनीच अणूचे पोट उलगडून दाखवले. म्हणून गुणवत्तेचा दाखला मागणाऱ्यांना आपण उलट विचारायचे: तुम्ही किती दरवाजे बंद केलेत, याचा हिशोब कुठे आहे? आणि तोवर थांबायचे नाही. भौतिकशास्त्र, गणित, संगणक जिथे जागा दिसेल तिथे शिरायचे. ‘शिका’ हा आदेश फक्त पदवीपुरता नाही.

जय भीम!