क्लास कोणी ठरवायचा?

फेब्रुवारी १९९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावाची १.१ ही आवृत्ती आणली. तिच्यात ऑब्जेक्ट सीरियलायझेशन नावाची एक सोय होती. मेमरीत असलेला ऑब्जेक्ट, त्याच्या पोटातले दुसरे ऑब्जेक्ट, त्यांची आपसातली नाती, हे सगळं बाइट्सच्या एका ओळीत उतरवायचं आणि दुसऱ्या मशीनवर जसंच्या तसं उभं करायचं. क्लासच्या नावापुढे ‘इम्प्लिमेंट्स सीरियलायझेबल’ एवढं लिहिलं की प्रोग्रामरचं काम बहुतेक संपलं. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवरची मेथड चालवणारी, त्याच आवृत्तीत आलेली आरएमआय ही व्यवस्था याच सोयीवर उभी होती. पुढे जवळपास दोन दशकांनी याच वाटेने सर्व्हरमध्ये शिरकाव होऊ लागला, तेव्हा दोष एका लायब्ररीच्या माथी आला. मला तो निवाडा चुकीचा वाटतो. दोष मुळातल्या रचनेत होता, कारण कुठल्या क्लासचा ऑब्जेक्ट उभा करायचा हे डेटा वाचणारा प्रोग्राम ठरवत नव्हता, बाहेरून आलेला डेटाच ठरवत होता.

हे जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, सर्व्हरला ‘ऑर्डर’ या क्लासचा ऑब्जेक्ट हवा आहे. आलेल्या बाइट्समध्ये मात्र क्लासचं नाव ‘हॅशमॅप’ असं लिहिलंय. जावा आधी तो हॅशमॅप पूर्ण उभा करते आणि ही ऑर्डर आहे का, हे त्यानंतर तपासते. तपासणीत चूक सापडते, एररही येते, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हॅशमॅप वाचताना त्यातल्या प्रत्येक कीचा हॅशकोड नव्याने काढावा लागतो, कारण दुसऱ्या मशीनवर तो वेगळा असू शकतो. कारण अगदी रास्त आहे. पण की म्हणून अपाची कॉमन्स कलेक्शन्स या लायब्ररीतला एक खास ऑब्जेक्ट ठेवलेला असेल, तर हॅशकोड काढताना तो आपली व्हॅल्यू मागतो. ती मागताच एक ‘आळशी’ मॅप जागा होतो आणि नसलेली व्हॅल्यू तयार करायला ट्रान्सफॉर्मर्सची साखळी चालवतो. त्या साखळीतला इन्व्होकरट्रान्सफॉर्मर सांगितलेल्या नावाची मेथड चालवतो, आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमला हल्लेखोराची आज्ञा मिळते. या साखळीतली प्रत्येक कडी ज्या कामासाठी लिहिली तेच काम करते, बाहेरचा नवा कोड कुठेच येत नाही.

पीएचपीच्या जगात स्टेफान एसर यांनी २००९ मध्येच अशा साखळ्या दाखवल्या होत्या. जावासाठी ख्रिस फ्रोहॉफ आणि गेब्रिएल लॉरेन्स यांनी जानेवारी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत कॉमन्स कलेक्शन्सची साखळी मांडली आणि ती तयार करून देणारं वायसोसीरियल हे साधनही खुलं केलं. पुढचे नऊ महिने फारशी हालचाल झाली नाही. नोव्हेंबरमध्ये स्टीफन ब्रीन यांनी वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, जेनकिन्स अशी उत्पादनांची नावं घेऊन हल्ले दाखवले, तेव्हा कुठे धावपळ उडाली. त्याच महिन्यात कॉमन्स कलेक्शन्सची ३.२.२ आवृत्ती आली आणि धोकादायक क्लासेसचं डीसीरियलायझेशन, म्हणजे बाइट्समधून पुन्हा उभं करणं, मूळ सेटिंगमध्येच बंद झालं. पुढे गूगलच्या सुमारे ५० कर्मचाऱ्यांनी २,६०० हून अधिक ओपन सोर्स प्रकल्पांत ही दुरुस्ती पोहोचवली. ते काम मोलाचं होतं, त्याने कित्येक दारं बंद झाली. पण लायब्ररीच दोषी असती, तर गोष्ट तिथेच संपली असती. प्रत्यक्षात स्प्रिंगमध्ये साखळ्या निघाल्या, ग्रूव्हीमध्ये निघाल्या, आणि जावा ७ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर बाहेरच्या एकाही लायब्ररीशिवाय चालणारी साखळी सापडली.

यावर जुना आक्षेप असा की भरवशाचा नसलेला डेटा प्रोग्रामरने वाचायलाच नको होता. पायथनमधल्या पिकल या अशाच सोयीच्या दस्तऐवजात तसा इशारा ठळकपणे दिलेला आहेच. इशारा खरा आहे, पण त्याने ओझं चुकीच्या माणसाच्या खांद्यावर पडतं. आपण घेतलेल्या सर्व्हरचा एखादा पोर्ट आतून सीरियलायझेशन वापरतो, हे तो सर्व्हर चालवणाऱ्याला अनेकदा माहीतही नसतं. शिवाय भरवसा कायम टिकत नाही. १९९७ साली ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरती असलेली व्यवस्था पुढे इंटरनेटला जोडली गेली, आणि कोड तोच राहिला. त्या काळच्या रचनाकारांना मी बेफिकीर म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एकमेकांना ओळखणाऱ्या मशीन होत्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बायनरी सोडून जेसन या साध्या मजकुराच्या फॉरमॅटकडे वळलो की प्रश्न मिटला. जॅक्सन या जावा लायब्ररीने याचं उत्तर दिलं. तिच्यात जेसनमध्येच क्लासचं नाव लिहिण्याची एक ऐच्छिक सोय होती, आणि ती चालू असलेल्या ठिकाणी २०१७ पासून एकामागून एक त्रुटी निघत गेल्या. दर वेळी बंदी घातलेल्या क्लासेसच्या यादीत नवी नावं चढत होती. फॉरमॅट माणसाला वाचता येणारा होता, तरी निवड डेटाच्याच हाती होती.

यादीचं हे असंच असतं, जे माहीत आहे तेवढंच ती अडवते. म्हणून जावाच्या नवव्या आवृत्तीत, २०१७ मध्ये, आलेला फिल्टर मला जास्त महत्त्वाचा वाटतो: कुठले क्लास चालतील हे वाचणारा आधीच सांगू शकतो आणि बाकीचे उभेच राहत नाहीत. मात्र तो लावायचा की नाही हे वापरणाऱ्यावर सोडलं होतं, आणि जुनी सोय तशीच चालू राहिली. मायक्रोसॉफ्टने पुढची पायरी गाठली. २०२४ च्या डॉटनेट ९ मध्ये बायनरीफॉर्मॅटर ही तिथली अशीच सोय मूळ प्लॅटफॉर्ममधून काढूनच टाकली. तिच्यावर अवलंबून असलेल्यांचा खोळंबा होणार हे ठाऊक असूनही.

दरम्यान तीच गोष्ट नव्या क्षेत्रात घडत होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल्स पायटॉर्च या लायब्ररीच्या ज्या फायलींतून हातोहात फिरत होती, त्यांच्या आत पिकल होतं. म्हणजे अनोळखी माणसाने दिलेलं मॉडेल नुसतं उघडलं तरी त्याचा कोड चालू शकत होता. जानेवारी २०२५ मधल्या २.६ आवृत्तीत पायटॉर्चने लोड करण्याची मूळ पद्धतच बदलली. आता वेगळं काही सांगितलं नाही, तर टेन्सर आणि मोजके साधे प्रकार एवढंच उभं राहतं. फाइलीत दुसऱ्या कशाचं नाव असेल, तर लोडिंग तिथेच थांबतं.